‘खरी आई कोण?’ हा प्रश्न लेकराचा नसतो

२०१८ च्या नोव्हेंबरात ‘नाळ’ लागला तेव्हा मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. होस्टेलवरचे आम्ही आठ-नऊ जण गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर सिनेमासाठी नाही, भाषेसाठी गेलो होतो. आमची बोली पडद्यावर ऐकू आली की समजायचं, आता कोणीतरी विनोद करणार, ही आम्हाला सवय. इथं मात्र अख्खं गाव आपल्यासारखं बोलत होतं. त्यात चैत्याचं काम करणारा श्रीनिवास पोकळे अमरावतीचाच. सुरुवातीला थिएटरात नुसता हशा होता.

मग घरी आलेला पाहुणा बोलता बोलता चैत्याला सांगून टाकतो, की जिला तू आई म्हणतोस ती तुझी जन्माची आई नाही. हशा थांबला. माझ्या शेजारचा मित्र पॉपकॉर्न खायचा थांबला. आणि मला माझा आतेभाऊ आठवला.

आत्या गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. दुसरीपासून सहावीपर्यंत तो अकोल्याला आमच्या घरी राहिला. एकाच रिक्षातून आम्ही शाळेत जायचो, एकाच दिवाणावर झोपायचो. मग त्याच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि एका मे महिन्यात ते येऊन त्याला घेऊन गेले. यात कोणी वाईट नव्हतं. बापानं पोराला परत नेलं, एवढंच. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा रिक्षावाल्या काकांनी सवयीनं दोनदा हॉर्न वाजवला, एक माझ्यासाठी आणि एक त्याच्यासाठी. आई ओट्यावर आली, काही न बोलता परत आत गेली.

त्या रात्री मी त्याला मेसेज केला, ‘नाळ’ पाहा, तुझी आठवण आली. आठवड्यानं त्याचा फोन आला. म्हणाला, “मस्त हाय पिच्चर. पन माहं तसं नोतं बे. माही आई कोन होती थे मले मालूमच होतं. मले मालूम नोतं थे येवढंच, का मी तुमच्या घरी कवापरेंत हाओ.”

या वाक्यानं माझा ‘नाळ’ बिघडवला. म्हणजे सिनेमा वाईट वाटायला लागला असं नाही. तो आजही मला फार आवडतो. पण तेव्हापासून घर हरवलेल्या मुलांविषयीची कोणतीही मराठी गोष्ट समोर आली, की मी पाहतो, ही गोष्ट कोणता प्रश्न विचारते आहे? ‘हे पोरगं कोणाचं?’ की ‘हे पोरगं इथं कुठवर?’ जवळजवळ प्रत्येक वेळी पहिला प्रश्न सापडतो. दुसरा सापडत नाही. आणि मला वाटतं, आपल्याकडे मुलं दत्तक घेण्याबद्दल थोडंफार बोललं जातं पण फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालकत्व, हा शब्दही लोकांच्या कानावर नसतो, याचं एक कारण आपल्या गोष्टींमध्ये आहे.

राधेला कोणी बोलू दिलं नाही

सुरुवात कर्णापासून करावी लागते, कारण मराठी वाचक ‘टाकलेलं मूल’ म्हटलं की तिथंच जातो. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मधल्या कर्णावरच्या लेखाला ‘मी कोण?’ असं नाव दिलं आहे. कर्णाचं सगळं दुखणं त्या दोन शब्दांत येतं. पण महाभारताच्या उद्योगपर्वात एक जागा आहे. कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो, आणि कर्ण नाही म्हणतो. कारण काय देतो? मला पाहून राधेला पान्हा फुटला, तिनं माझं हगणं-मुतणं काढलं, अधिरथानं माझे संस्कार केले. हे उत्तर ‘मी कोण?’ या प्रश्नाचं आहेच, पण ते रक्ताच्या भाषेत दिलेलं नाही. ते रोजच्या कामाच्या भाषेत दिलेलं आहे.

आता मराठीतली सगळ्यांत लोकप्रिय कर्णकथा घ्या. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण स्वतः बोलतो. कुंती बोलते. दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण, सगळे आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. राधा सांगत नाही. जिनं नदीतून आलेलं मूल वाढवलं, जिच्या नावावरून तो राधेय झाला, तिला निवेदन मिळत नाही. जिनं सोडलं तिला मिळतं. मी ही कादंबरी अकरावीत एका सुट्टीत वाचून काढली होती आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ती वाचून भारावलेल्या मित्रांपैकीही कोणी ‘राधेचं काय झालं?’ असं विचारलेलं मला आठवत नाही. दोष एकट्या सावंतांचा नाही. सोडण्यात नाट्य आहे, आणि सांभाळण्यात रोज तेच तेच आहे. कादंबरीकाराला नाट्य लागतं. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण सोडणारीचीच गोष्ट ऐकली, तर सांभाळणारी आपल्याला गोष्टीतलं माणूस वाटेनाशी होते.

‘नाळ’ काय करतो आणि काय टाळतो

सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ या बाबतीत मोठं पाऊल होता. त्याला दिग्दर्शनातल्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि श्रीनिवासला बालकलाकाराचा. दोन्ही रास्तच. कारण हा सिनेमा राधेला पडद्याच्या मधोमध आणतो. देविका दफ्तरदारांनी केलेली आई फारसं काही सांगत नाही. ती चूल करते, रागावते, पोराच्या मागं धावते. गुपित कळल्यावर चैत्याला त्याच रागावण्याचा वेगळा अर्थ लागायला लागतो. हे लहान मुलाच्या डोक्यात कसं घडतं, ते सिनेमानं फार बारकाईनं टिपलं आहे. काल आई रागावली तर ती आई होती. आज तीच तितकीच रागावली तर ती खरी आई नाही म्हणून रागावली. पुरावे तेच, निकाल बदलला.

माझी तक्रार इथून पुढं आहे. ‘नाळ’चं इंजिन गुपितावर चालतं. कोणीतरी काहीतरी लपवलं, ते फुटलं, आता काय होणार? प्रेक्षक म्हणून आपण त्यात गुंततो आणि एक गोष्ट विसरतो. चैत्याचं घर जाण्याची शक्यता सिनेमात कुठंच नाही. त्याला कोणी घेऊन जाणार नाही. त्याचं ताट, त्याचं अंथरूण, त्याची शाळा उद्याही तिथंच असणार आहे. त्याला जायचं असतं ते त्याच्या स्वतःच्या मनानं. म्हणजे ज्या एका गोष्टीची आबाळ माझ्या आतेभावाच्या वाट्याला आली, ती चैत्याकडे भरपूर आहे, इतकी की सिनेमाला ती दाखवायचीही गरज वाटत नाही.

२०२३ च्या ‘नाळ भाग २’मध्ये चैत्या जन्मदात्या आईच्या गावी जातो, तिथं त्याला धाकटी बहीण चिमी भेटते. त्रिशा ठोसर या पोरीनं ते काम असं केलंय की राष्ट्रीय पुरस्कार देणाऱ्यांना दुसरा पर्यायच नव्हता. श्रीनिवास आणि भार्गव जगताप यांनाही तो तिच्यासोबत मिळाला. काही मित्रांना हा भाग पहिल्यापेक्षा कमी वाटला. त्यांचं म्हणणं, शेवटी सिनेमा रक्ताकडेच गेला. मला उलट वाटतं. आपण कुठून आलो हे जाणून घेणं हा मुलाचा हक्क आहे, दत्तकविधानाच्या आजच्या नियमांतही मूळ शोधण्याची तरतूद आहे. दुसऱ्या भागात गुपित संपलेलं आहे, म्हणून पहिल्यांदाच असा प्रश्न उभा राहू शकतो, की एका लेकराची माणसं दोन गावांत असली तर त्यानं जगायचं कसं? हा प्रश्न मोठा आहे. पण ‘नाळ’ हे नावच असं आहे, की उत्तर पोटाशी शोधावं लागतं. मला उत्तर कपाटाशी हवं होतं. ते का, हे शेवटी सांगतो.

वारस आणि बेवारस

आपल्याकडचे शब्दही बघा. दत्तक हा शब्द आपण इतिहासात कुठं शिकलो? झाशीच्या राणीच्या धड्यात. दत्तक वारस नामंजूर म्हणून संस्थान खालसा. नागपूरचे भोसले तसेच गेले. बडोद्याचे सयाजीराव दत्तक, कोल्हापूरचे शाहू महाराज दत्तक. या सगळ्या ठिकाणी गरज घराण्याची होती. गादी रिकामी होती आणि तिच्यासाठी मूल शोधलं गेलं. मुलासाठी घर शोधलं गेलं नव्हतं. आजच्या कायद्यानं ही दिशा उलटी केली आहे, तो मुलाच्या हितापासून सुरुवात करतो. पण आपल्या कानात शब्द जुनाच वाजतो. म्हणून लोक अजून विचारतात, “मूल होत नाही म्हणून घेतलं का?”

आणि वारसाच्या उलट शब्द कोणता? बेवारस. स्टेशनवरची बॅग बेवारस असते, रस्त्यातला मृतदेह बेवारस असतो, आणि मूलही बेवारस असतं. खरं तर मूल बेवारस कसं असेल? त्याला वारस नसतो असं आपल्याला म्हणायचं नसतं. तेच कोणाचं वारस नसतं. पण शब्द रुळला की रुळला.

वऱ्हाडातच याच्या उलटं एक उदाहरण आहे आणि ते आपण रोज डोळ्यांसमोर असून पाहत नाही. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर गेले. आईनं डेबूला घेऊन माहेर गाठलं, अकोला जिल्ह्यातलं दापुरे. तो मामाच्या घरी वाढला, मामाची गुरं राखली, मामाच्या शेतात राबला. आपण बाबांचा खराटा सांगतो, गाडगं सांगतो, कीर्तन सांगतो. पण एका पोरक्या पोराला मामाच्या घरानं सांभाळलं, ही गोष्ट आपण ‘बालपण’ या एका परिच्छेदात उरकतो. त्या घरातल्या मामीची गोष्ट तर कोणीच सांगत नाही. माझ्या आतेभावानं माझ्या आईला पाच वर्षं ‘मामी’च म्हटलं. त्याला ‘आई’ म्हणायला कोणी सांगितलं नाही, आणि मला आज वाटतं ते बरंच झालं. त्याला दुसरी आई नको होती. त्याला खात्रीची मामी हवी होती.

संताची गोष्ट

वारसाची गोष्ट नसेल तर आपल्याकडे दुसरी एक गोष्ट तयार असते, संताची. अनंत महादेवन यांचा ‘मी सिंधुताई सपकाळ’ (२०१०) आठवा. गावोगाव शाळांनी दाखवलेला सिनेमा. सिंधुताईंच्या कामाचा पाया आमच्याच जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. तिथं त्यांनी मुलींचं वसतिगृह उभं केलं. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: इतर मुलांत आणि पोटच्या मुलीत भेद होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची मुलगी दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे वाढवायला दिली. हे ऐकून सभागृहात टाळ्या पडायच्या. मीही लहानपणी वाजवल्या असतील. आज मला तिथं टाळी वाजवता येत नाही. सिंधुताईंबद्दलचा आदर कमी झाला म्हणून नव्हे. पण त्या प्रसंगात एक मूल आईपासून दूर राहिलं आहे, आणि आपण ते त्यागाच्या हिशेबात मोजतो, मुलाच्या हिशेबात मोजत नाही. संताच्या गोष्टीत असं होतं. मधोमध संत असतो, आणि मुलं त्याच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून भोवती उभी असतात.

वझ्झरच्या बातम्या वाचताना मला हेच जाणवत आलं आहे. परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांचं स्व. अंबादासपंत वैद्य दिव्यांग बेवारस बालगृह आहे. (हो, ‘बेवारस’ हा शब्द नावातच आहे.) बाबा मूळचे पत्रकार, गाडगेबाबांच्या वाटेनं जाणारे. ‘देवकीनंदन गोपाला’ नावाचं मासिक चालवायचे. राज्यभरात सोडून दिलेली अपंग, मतिमंद, मूकबधिर मुलं त्यांनी वाढवली. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली. बातमीत १२३ हा मुलांचा आकडा हमखास असतो. २०२० च्या डिसेंबरात नागपुरात वझ्झरच्या एका मुलीचं लग्न झालं तेव्हा त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केलं आणि जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे वरपिता झाले. फोटो सगळीकडे फिरले. वाचून छान वाटतं. सरकारच पोरीचं माहेर झालं! पण मंत्री एका दिवसाचे वडील होतात, पोरीला लग्नाआधी आणि नंतरही रोज लागतात ते वडील वेगळे.

आता त्याच वझ्झरची दुसरी गोष्ट बघा. ती बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असते आणि मोबाइलवर आपण तिथवर स्क्रोल करत नाही. शंकरबाबा वर्षानुवर्षं एकच मागणी करत आले आहेत. कायद्याच्या लेखी मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. १८ पूर्ण झाली की बालगृह संपलं. पुढं २१ पर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, पण ज्या मुलीला ऐकू येत नाही, ज्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत, त्यांनी एका वाढदिवसाला कुठं जायचं? बाबांचं म्हणणं, बेवारस दिव्यांग मुलांना १८ नंतरही त्याच घरी राहू देणारा कायदा करा. वझ्झरला त्यांनी तेच केलं. मुलांना बाहेर काढलं नाही, आणि कागदपत्रांवर वडिलांच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव दिलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापुढं लाल चांदणी लावायचं आणि तो रिकामा असेल तर फॉर्म पुढं जाऊ द्यायचा नाही, असं कोड मी स्वतः लिहिलं आहे. रिक्वायरमेंटमध्ये होतं, लिहिलं. तो रकाना रिकामा असणारं कोणी असेल, हे आमच्या पूर्ण टीममध्ये कोणाच्या डोक्यात आलं नाही. वझ्झरच्या मुलांना बाबांचं नाव मिळालं याचा अर्थ मला या रकान्यापाशी कळतो. नाव ही तिथं भावनेची बाब नाही. त्याशिवाय शाळा, बँक, परीक्षा यांचं पुढचं पान उघडत नाही.

माला पापळकरची बातमी आठवत असेल. जळगाव रेल्वे स्टेशनवर कचरापेटीत सापडलेली, दृष्टी नसलेली मुलगी. वझ्झरला वाढली, अमरावतीला शिकली आणि २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. बहुतेक बातम्या कचरापेटीपासून सुरू झाल्या आणि निकालावर संपल्या. मधली वीस-पंचवीस वर्षं एका वाक्यात. मला मधलंच वाचायचं होतं. ब्रेल शिकताना कोण शेजारी बसलं? अमरावतीला शिकायला गेल्यावर सुट्टीत घरी यायचं म्हणजे कुठं यायचं, हा प्रश्न तिला कधी पडला का? बहुधा नाही, कारण वझ्झर जागेवर होतं. ते जागेवर असणं हाच त्या निकालाचा अर्धा अभ्यास आहे. पण जागेवर असणं ही बातमी होत नाही.

वझ्झरवर एक रास्त आक्षेपही घेता येतो. शेकडो मुलांना एक बाप, हा आदर्श असू शकत नाही. बाबांचं वय झालं आहे, आणि अशी माणसं ऑर्डर देऊन मिळत नाहीत. खरंच आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष आपण काढत नाही. एका माणसावर शंभर मुलं नकोत, तर शंभर घरांत एकेक मूल हवं. संताची गोष्ट आपल्याला आवडते त्यामागं हेही एक कारण असावं. ती ऐकून डोळे भरून येतात, आणि आपल्याला आपल्या घरची एक फळी रिकामी करावी लागत नाही.

जी गोष्ट आपल्याकडे नाही

शंभर घरांत एकेक मूल ही काही माझी कल्पना नाही. ती २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ४४ मध्ये आहे. ज्या मुलाला स्वतःच्या कुटुंबात राहणं सध्या शक्य नाही, त्याला बालकल्याण समिती एका तपासून घेतलेल्या कुटुंबाकडे काही काळ किंवा बराच काळ ठेवू शकते. मूल त्या घराचं वारस होत नाही, आडनाव बदलत नाही, शक्य असेल तर मूळ आईवडिलांशी संबंधही राहतो. घराची पाहणी होते, मुलाचं मत विचारलं जातं, समिती नंतरही लक्ष ठेवते. दत्तकाहून हे वेगळं आहे, आणि आत्याच्या पोराला मामानं सांभाळण्याहूनही वेगळं, कारण इथं कुटुंब नात्यातलं नसतं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही हे खुलं केलं, आधी फक्त जोडप्यांना होतं. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच ठेवतात, मुलगी नाही. आणि मूल दोन वर्षं त्या घरी राहिलं असेल तर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेण्याची वाटही ठेवली, आधी ही अट पाच वर्षांची होती. बालगृहात राहणारी, सहा वर्षांवरची, जिला भेटायला कोणी येत नाही, अशी मुलं यात प्रामुख्यानं येतात. म्हणजे नेमकी तीच, जी दत्तक घ्यायला आलेली जोडपी मोठी झाली म्हणून मागं ठेवतात. मिशन वात्सल्यमधून मुलामागं महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजनाही आहे, २,२५० रुपयांची. आमच्याकडे शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या कितीतरी घरांना ती योजना माहीत असते, पण ‘बाल’ आणि ‘संगोपन’ यांच्यापेक्षा ‘फॉर्म कुठं मिळतो’ याच अंगानं.

कायदा आहे, पैसे आहेत. मग अडतं कुठं? मी ओळखीच्या चार-पाच घरांत हा विषय काढून पाहिला. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर आलं: “लळा लागंन, अन्‌ मंग कोनी न्याले आलं तं?” ही भीती खोटी नाही. रिक्षाचा दुसरा हॉर्न मी ऐकलेला आहे. पण नीट पाहा, या वाक्यात लळा कोणाला लागतो आहे? मोठ्यांना. दुखणार कोणाला? मोठ्यांना. इथंही गोष्ट सांभाळणाऱ्याच्या मनाची आहे. लेकराच्या बाजूनं विचारलं तर वाक्य असं होईल: ‘कोणी न्यायला येईल म्हणून मला लळा लागूच द्यायचा नाही का?’

लळ्याचं काय होतं याचा एक मोठा प्रयोग जगात झालेला आहे. रोमानियात बुखारेस्टला २००० साली अनाथालयांतल्या १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी झाली. अर्धी फॉस्टर घरांत गेली, अर्धी संस्थेतच राहिली. घरांत गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जुळणं, सगळं संस्थेतल्या मुलांपेक्षा बरं निघालं, आणि दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांचं सगळ्यांत बरं. ती घरं त्यांची जन्माची नव्हती, पण फायदा झाला.

साहित्यातही अशी गोष्ट जगात आहे. ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९०८) तुमच्यापैकी कित्येकांनी नेटफ्लिक्सवर ‘अ‍ॅन विथ अ‍ॅन ई’ म्हणून पाहिली असेल. म्हाताऱ्या बहीण-भावाला शेतावर मदतीला मुलगा हवा असतो, चुकून मुलगी येते. सुरुवातीच्या प्रकरणांत सगळा ताण एकाच गोष्टीचा आहे: ही राहणार की हिला परत पाठवणार? अ‍ॅनचे आईवडील कोण होते, हे तिलाही माहीत आहे आणि वाचकालाही. गुपित काही नाही. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. म्हणजे ‘कुठवर?’ या प्रश्नावरही गोष्ट चालते. शंभरहून जास्त वर्षं चालली आहे.

मराठीत ‘मानलेला’ हा फार चांगला शब्द आहे. मानलेला भाऊ, मानलेली बहीण. रक्ताचं नाही, कागदाचं नाही, तरी खरं. पण तो आपण राखीपुरता ठेवला. मानलेलं घर असं कोणी म्हणत नाही. मला वाटतं, प्रतिपालकत्व हा सरकारी शब्द लोकांच्या तोंडात कधीच बसणार नाही. पण ‘पोरगं काही वर्षं आमच्या घरी आहे’ हे वाक्य कोणाला खुलासा न करता म्हणता यायला हवं, आणि ते वाक्य आधी गोष्टीत यावं लागेल. सिनेमात, कथेत, एखाद्या वेबसिरीजच्या बाजूच्या पात्रातही चालेल. आता सिनेमातल्या घरात परकं मूल आलं, की ते एकतर शेवटी हरवलेला वारस निघतं, नाहीतर घराचं हृदयपरिवर्तन करून जातं. नुसतं राहून, होमवर्क करून, कधी भांडून मोठं होत नाही.

मी २८ वर्षांचा आहे. एकट्यासाठीची ३५ ची अट पुरी व्हायला मला सात वर्षं आहेत, त्यामुळे ‘मग तू काय करतोस?’ या प्रश्नावर माझ्याकडे आज फुशारकीचं उत्तर नाही. अकोला असो की अमरावती, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, आणि ३५ च्या पुढच्या माझ्या सिनियर मंडळींना मी तिथं जाऊन नुसतं विचारून या असं सांगत असतो. दोघं जातो म्हणालेत. बघू.

कपाटाचं सांगायचं राहिलं. आतेभाऊ आला तेव्हा आईनं आमच्या लोखंडी कपाटातली मधली फळी रिकामी करून त्याला दिली होती. पाच वर्षांत त्यानं एकदाही तिथं कपडे ठेवले नाहीत. त्याचे कपडे दिवाणाखाली, त्याच्या निळ्या बॅगेत असायचे. घातले, धुतले, वाळले की घडी करून परत बॅगेत. आम्हाला ते शिस्तीचं लक्षण वाटायचं. आई मला म्हणायची, “त्याच्याकडून शिक काही.” ती बॅग म्हणजे त्याचा प्रश्न होता, हे मला ‘नाळ’ पाहिल्यानंतरच्या त्या फोनपर्यंत कळलं नाही. त्यानं तो पाच वर्षं रोज विचारला. आमच्यातल्या कोणी उत्तर दिलं नाही, कारण आम्हालाही ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं सांगायचं असतं हेही माहीत नव्हतं.

मला त्या फळीची गोष्ट वाचायची आहे. मराठीत, जमलं तर वऱ्हाडीत. त्यात गुपित नको, वारस नको, पद्मश्री नको. एक घर, एक पोरगं, आणि त्याला पहिल्याच रात्री कोणीतरी सरळ सांगितलेलं, की तू इथं अमुक दिवसांपर्यंत नक्की आहेस, त्यापुढचं ठरवू तेव्हा तुला विचारू. मग ते कपडे बॅगेतून काढून फळीवर ठेवतं की नाही, एवढाच सस्पेन्स असला तरी मी शेवटपर्यंत वाचीन.